बेंड-पाईप बदलला, इंजिन का रुसले?

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर मोटारसायकलींची रांग लागते. द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई, त्यामुळे वडगाव, कामशेत, लोणावळा हीच त्यांची वाट. यातल्या काही गाड्यांना बाजारातून आणलेला बेंड-पाईप आणि मोकळा सायलेन्सर बसवलेला असतो. मग चार दिवसांत तक्रारी सुरू होतात. रेस सोडली की नळीतून बार निघतात, चढावर गाडीला दम लागतो, मायलेज घटते आणि मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो.

मी कविता लिहिणारा माणूस, यंत्राशी नाते ऐकण्यापुरते. पण कामशेतच्या एका गॅरेजात माझी अधूनमधून बैठक असते. तिथे सोमवारी हमखास कुणीतरी येऊन म्हणतो, "उस्ताद, सेन्सर गेला, नवा टाका." उस्ताद म्हणतात, "गेला नाही बेटा, तो खरं बोलतोय. आधी ऐकून तर घे."

तो काय बोलतो, ते समजून घेऊ. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पूर्वी हा मेळ कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून बसवत. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींत इंजेक्शन सर्रास झाले. आता धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते पाहतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो.

नवा पाईप इंजिनाला घट्ट बसला नाही, तर सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो. ईसीयूला वाटते पेट्रोल कमी पडले, म्हणून तो आणखी सोडतो. प्लग काळा पडतो, मायलेज जाते. रेस सोडल्यावर न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत या हवेला भेटते आणि बार उडतो. पोरांना ती ताकद वाटते. खरे तर ते भलत्या जागी जळणारे पेट्रोल असते.

दुसरी अडचण चढावर येते. मोकळ्या नळीमुळे इंजिनाचा श्वास बदलतो. पूर्ण रेस दिली की बहुतेक गाड्यांत ईसीयू सेन्सरचे ऐकत नाही, कंपनीच्या नळीसाठी आखलेल्या कोष्टकावर चालतो. मग खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना मिश्रण पातळ पडू शकते. इंजिन जास्त तापते आणि धुराचा व्हॉल्व्ह जळण्याची भीती असते.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी सांधा पाहावा. थंड गाडी सुरू करून सांध्यापासून जरा दूर हात धरला तर फुंकर जाणवते, काजळीचा डागही दिसतो. पॅकिंग नवे घालून बोल्ट सारखे आवळावेत. साधे सिलिकॉन फासू नये, त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो. मग सेन्सरची वायर गरम नळीला चिकटून वितळली नाही ना, ते पाहावे. सेन्सर सुमारे ३०० अंशांना तापल्यावरच नीट काम करतो. नव्या नळीत त्याची जागा इंजिनापासून दूर गेली असेल, तर तो उशिरा जागा होतो. त्यानंतर स्कॅनर लावून कोड वाचावा. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी ०१७२ म्हणजे दाट. प्लग काढून पाहावा. तो विटकरी असेल तर ठीक, पांढरा पडला तर पेट्रोल कमी. एवढे झाल्यावरच ट्यूनिंगचा विचार.

एक दोष मात्र कुठल्याही ट्यूनिंगने जात नाही. कंपनीच्या नळीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो काढला की विषारी वायू तसाच बाहेर पडतो. काही जण सेन्सरला फसवणारा जोड लावून दिवा विझवतात. हे साक्षीदाराचे तोंड बंद करण्यासारखे आहे. कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बंदी आहे. शिवाय मावळातल्या रस्त्याकडेच्या घरांत तान्ही मुले आणि आजारी माणसे झोपलेली असतात, त्यांना तो आवाज सोसावा लागतो.

उस्तादांचा सल्ला साधा आहे. जुनी नळी भंगारात देऊ नका. तीच परत बसवून पाहा. दिवा विझला, बार थांबले, तर नवा सेन्सर घ्यायची गरजच नाही.