ठोके १३० असूनही डॉक्टर औषध का देत नाहीत?

आयसीयूत भेटायला गेलेला माणूस आधी रुग्णाकडे बघतो, मग मॉनिटरकडे. तिथल्या बाकीच्या रेषा कळत नाहीत, ठोक्यांचा आकडा मात्र कळतो. तो १३० दिसला की पोटात गोळा येतो आणि बाहेर येऊन डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच जातो: ‘एवढे ठोके पडताहेत, ते कमी करायचं काहीतरी द्या ना.’

प्रश्न साहजिक आहे, पण त्यामागे एक गैरसमज आहे: वाढलेले ठोके हाच आजार.

सेप्टिक शॉकचंच उदाहरण घ्या. त्यात जंतुसंसर्गामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांतला द्रव बाहेर झिरपतो. पुरेसं सलाइन देऊनही रक्तदाब टिकत नाही, नॉरॲड्रेनलिनचा पंप लावावा लागतो. हृदयात भरायलाच रक्त कमी येतं. एरवी एका ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडत असेल, तर ७० ठोक्यांत मिनिटाला ४.९ लिटर होतं. तेच ४० मिलिलिटरवर आलं, तर १२० ठोके मारून हृदय कसंबसं ४.८ लिटर गाठतं. अशा वेळी औषधाने ठोके ८० वर आणले आणि दर ठोक्याचं रक्त वाढलं नाही, तर हाती उरतात ३.२ लिटर. मॉनिटर छान दिसेल, पण मूत्रपिंडं उपाशी राहतील. म्हणून डॉक्टर आधी कारण शोधतात: द्रव कमी पडतोय का, ताप किती, वेदना आहेत का, हिमोग्लोबिन उतरलंय का. शॉकमध्ये अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासात जावं लागतं आणि पू कुठे साठला असेल तर तो काढावा लागतो. ठोक्यांवरचा खरा इलाज बहुतेक वेळा तोच असतो.

या गैरसमजाचं दुसरं टोकही तितकंच चुकीचं: शॉकमध्ये बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी करणारं औषध, हे विषच. वरच्या हिशोबातला ‘दर ठोक्याचं रक्त वाढलं नाही तर’ हा ‘तर’ महत्त्वाचा आहे. द्रव पुरेसा देऊन झाला, संसर्ग आटोक्यात येतोय, तरी ठोके धावतच राहिले, तर दोन ठोक्यांच्या मधे हृदयाला भरायला वेळच मिळत नाही. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्तही मुख्यतः त्याच विसाव्यात मिळतं. तिथे गती कमी करून फायदा होईल, असा तर्क होता.

रोममध्ये १५४ रुग्णांवर झालेल्या एस्मोलॉल या बीटा ब्लॉकरच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली आले. हे औषध पंपाने देतात आणि ते थांबवलं की काही मिनिटांत उतरतं. ठोके ८० ते ९४ च्या दरम्यान ठेवले. २८ दिवसांतले मृत्यू एस्मोलॉल गटात ४९.४ टक्के, ते न दिलेल्या दुसऱ्या गटात ८०.५ टक्के. जगभर खळबळ उडाली. पण हे एकाच रुग्णालयातलं काम होतं आणि दुसऱ्या गटातला मृत्युदर खटकण्याइतका जास्त होता. जपानमध्ये लँडिओलॉल या दुसऱ्या बीटा ब्लॉकरने ठोके आटोक्यात आले, मृत्यूंत मात्र ठोस फरक दिसला नाही. मग ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. १२६ रुग्णांनंतरच ती थांबवावी लागली, कारण फायद्याची आशा उरली नव्हती आणि अपायाची शंका होती. २८ दिवसांत लँडिओलॉल गटात ३७.१ टक्के दगावले, दुसऱ्या गटात २५.४ टक्के. आकडे लहान आहेत, हा फरक योगायोगाचाही असू शकतो. तरी ‘ठोके उतरले म्हणजे जीव वाचला’ हे समीकरण यानंतर कुणी छातीठोकपणे मांडू नये. माझं मत विचाराल तर, निवडक रुग्णांत, हृदयाची सोनोग्राफी बघून, अनुभवी हातांनीच हा प्रयोग करावा.

ठोके अचानक अनियमित झाले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालं, तर गोष्ट वेगळी. तिथे अमिओडॅरोनसारखी औषधं सर्रास वापरतात.

शेवटचा गैरसमज घरातला आहे आणि मला तोच जास्त धोक्याचा वाटतो: नाडी ठीक आहे, म्हणजे संसर्ग गंभीर नाही. बीपीसाठी रोज मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर घेणाऱ्या आजोबांची नाडी सेप्सिससारख्या गंभीर संसर्गातही ८५ राहू शकते, कारण गोळी तिला वर जाऊ देत नाही. त्यांचं बरळणं, धाप, थंड पडलेले हातपाय, कमी झालेली लघवी यांकडे बघा. कॅज्युअल्टीत पोहोचताच ‘यांना मेटोप्रोलॉल चालू आहे, शेवटची गोळी सकाळी घेतली’ हे सांगा आणि जमलं तर गोळ्यांची स्ट्रिपच पुढे करा.