कर्तेपण उतरवून ठेवलेला गायक

उन्हाळ्यात पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या रानांतून तेंदूपानाची तोडणी व्हावी, पानांचे पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, वाळावेत, आणि मग भंडारा-तुमसरकडच्या घराघरांतून बायकांनी मांडीवर सूप घेऊन, ओलसर केलेले पान कात्रीने बेतून, त्यात चिमूटभर जर्दा घालून, बोटांच्या दोन वळशांत त्याची बिडी वळून तिला सुताचा फेरा द्यावा, हा आमच्या जिल्ह्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. त्यामुळे बिडी या वस्तूकडे आम्ही मजुरीचा दर, ठेकेदाराचा हिशेब आणि हजार बिड्यांमागे छाटात, म्हणजे नापसंत ठरून, गेलेल्या बिड्या यांपलीकडच्या दृष्टीने क्वचितच पाहतो. परंतु मुंबईच्या एका मराठी बिडीविक्याच्या माळ्यावर चाललेल्या तत्त्वचर्चेचा एक धागा सातासमुद्रापलीकडच्या एका वृद्ध गीतकार-गायकापर्यंत पोहोचला, आणि त्या गायकाने पुढे ज्या मैफली केल्या त्यांपैकी एकीचे ध्वनिमुद्रण गेल्या पाव शतकातील अत्यंत नावाजलेल्या ध्वनिमुद्रणांत गणले गेले, ही हकीकत मराठी वाचकास सविस्तर सांगण्याजोगी आहे.

ते ध्वनिमुद्रण म्हणजे लेनर्ड कोहेन यांचा ‘लाइव्ह इन लंडन’ हा अल्बम. 17 जुलै 2008 रोजी लंडनच्या ओटू या प्रचंड प्रेक्षागृहात झालेली एक संपूर्ण मैफल, निवेदनासह आणि टाळ्यांसह, दोन तबकड्यांवर उतरवून 2009 च्या मार्चअखेर प्रसिद्ध करण्यात आली. तीत लहानमोठे सव्वीस भाग असून ती सलग ऐकावयास सुमारे अडीच तास लागतात. त्या रात्री गायकाचे वय त्र्याहत्तर वर्षांचे होते.

कोहेन यांचा जन्म 21 सप्टेंबर 1934 रोजी कॅनडातील माँट्रियल शहरी, एका सधन ज्यू घराण्यात झाला. वडिलांचा तयार कपड्यांचा कारखाना होता, आणि उत्तम बेतलेला सूट हा या माणसाच्या अंगाला जणू जन्मतःच चिकटला होता. आरंभी ते कवी होते; 1956 मध्ये त्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला, पुढे कादंबऱ्या आल्या, आणि केवळ लेखणीवर चरितार्थ चालत नाही हे ध्यानी आल्यावर, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, 1967 च्या अखेरीस त्यांनी आपला पहिला गीतसंग्रह ध्वनिमुद्रित केला. गळा फिरता नव्हता आणि सुरांचा पल्लाही बेताचाच होता. पण शब्द असे निवडलेले की एकेका गाण्यावर त्यांनी वर्षानुवर्षे घालवावीत. आज जगभर गायिले जाणारे ‘हालेलुया’ हे त्यांचेच गीत. ते ज्या संग्रहात होते तो 1984 साली तयार झाला तेव्हा अमेरिकेतील त्यांच्याच कंपनीने तो आपल्या देशात काढावयास नकार दिला होता, हेही येथे नमूद करून ठेवावे.

ऐन तारुण्यापासून या माणसाच्या मागे विषादाचा आजार लागलेला होता. औषधे झाली, मद्य झाले, प्रेमप्रकरणे झाली. अखेर 1994 च्या सुमारास कीर्तीच्या भर मध्यान्ही ते लॉस एंजलिसजवळच्या माउंट बाल्डी या पर्वतावरील झेन मठात राहावयास गेले. तेथे पहाटे अंधारात उठणे, बर्फ झाडणे, वृद्ध जपानी गुरू सासाकी रोशी यांचा स्वयंपाक करणे आणि त्यांची मोटार हाकणे अशी कामे त्यांनी सुमारे पाच वर्षे केली. 1996 मध्ये त्यांना रीतसर भिक्षुदीक्षाही मिळाली. तरीही अंतर्यामीचे मळभ सरले नाही. त्या मठातच त्यांच्या हाती रमेश बलसेकर यांचे एक इंग्रजी पुस्तक पडले, आणि 1999 साली मठ सोडून हा गृहस्थ थेट मुंबईस आला.

बलसेकर हे कोणी जटाधारी नव्हेत. बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च अधिकारपदापर्यंत चढून निवृत्त झालेले, लंडनमध्ये शिकलेले, जमाखर्चाच्या शिस्तीत मुरलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत जाऊ लागले. तेथे निसर्गदत्त महाराज, म्हणजे पूर्वाश्रमीचे आणि खरे तर अखेरपर्यंतचेच मारुती शिवरामपंत कांबळी, आपल्या घरातल्या माळ्यावर येईल त्याच्याशी मराठीतून वाद-संवाद करीत असत. मूळचे कोकणातील कांदळगावचे हे कांबळी पोटासाठी गिरगाव परिसरात बिडी-तंबाखूची दुकानदारी करीत, आणि इंचगिरी संप्रदायातील सिद्धरामेश्वर महाराजांचा अनुग्रह लाभल्यावरही त्यांनी संसार सोडला नाही. त्यांचे बोलणे ठसठशीत, प्रसंगी दटावणीचे; आणि ते इंग्रजीत उतरवून परदेशी जिज्ञासूंना सांगण्याचे काम बलसेकरांनी केले. 1981 मध्ये महाराज निवर्तले. पुढे बलसेकर स्वतःच वॉर्डन रोडलगतच्या आपल्या राहत्या घरी सकाळच्या वेळी लोकांशी बोलू लागले. त्यांच्या शिकवणीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: घटना घडतात, कर्मे होतात, पण ती करणारा असा कोणी स्वतंत्र ‘मी’ नसतो. गीता आणि ज्ञानेश्वरी यांच्या संस्कारात वाढलेल्या मराठी मनास यात नवे काही वाटणार नाही; परंतु स्वतःच्या प्रत्येक अपयशाची फिर्याद आयुष्यभर स्वतःवरच गुदरीत आलेल्या त्या पाश्चात्त्य कवीस हे वाक्य म्हणजे सुटकेचा हुकूमनामाच वाटला असला पाहिजे.

कोहेन केम्प्स कॉर्नरजवळच्या एका साध्या हॉटेलात उतरत, सकाळी चालत बलसेकरांच्या घरी जात, तेथे इतर जिज्ञासूंत बसून प्रश्न विचारीत, दुपारी ब्रीच कँडीच्या तलावात पोहत. आणि हे त्यांनी पुढील काही वर्षांत पुनःपुन्हा केले. त्याच काळात, कसे ते स्वतःस कळले नाही, पण तो जुना विषाद हळूहळू विरून गेला, असे कोहेन यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. श्रेय झेन मठाचे, बलसेकरांचे की केवळ वयाचे, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही, आणि अशा निवाड्यात बलसेकरांनाही रस नसता.

यानंतर जे घडले ते एखाद्या आख्यानात शोभावे असे आहे. 2004-05 च्या सुमारास कोहेन यांना कळून चुकले की, आपण मठात आणि मुंबईत असताना म्हातारपणासाठी ठेवलेली आपली पुंजी, सुमारे पन्नास लाख डॉलर, विश्वासू व्यवस्थापिकेने जवळजवळ सगळी फस्त केली आहे. कज्जा झाला, 2006 मध्ये न्यायालयाने नव्वद लाख डॉलरांचा निकाल त्यांच्या बाजूने दिला, परंतु हुकूम मिळणे वेगळे आणि वसुली होणे वेगळे, हे कोर्टकचेरीचा अनुभव असलेल्या कोणाही मराठी माणसास समजावून सांगावे लागत नाही. सत्तरी ओलांडलेल्या कवीपुढे एकच मार्ग उरला, तो म्हणजे पुन्हा रंगमंचावर उभे राहणे. 1993 नंतर त्यांनी दौरा असा केलाच नव्हता. महिनोन्‌महिने तालमी करून 11 मे 2008 रोजी कॅनडातील फ्रेडरिक्टन या लहानशा गावी, मोठ्या शहरांपासून मुद्दाम दूर, त्यांनी पहिला प्रयोग केला, आणि दोन महिन्यांनी ते लंडनला पोहोचले.

आता ‘लाइव्ह अल्बम’ या प्रकाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. स्टुडिओत गाणे तुकड्यातुकड्यांनी घडते. चुकलेली ओळ पुन्हा गाता येते, वाद्ये निरनिराळ्या दिवशी भरता येतात, आणि श्रोता तेथे नसतोच. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात श्रोता हा एक वादकच असतो. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, रात्री दंडार किंवा खडी गंमत हे लोकनाट्य उभे राहते, आणि शाहीर एका कडव्यानंतर क्षणभर थांबून गर्दीचा अंदाज घेतो, त्या थांबण्यात गर्दीने जे दिले तेच पुढल्या कडव्यात परत येते. तोच शाहीर बंद खोलीत, यंत्रापुढे, तेच कवन गाईल तर शब्द आणि चाल तीच राहील, पण ती देवघेव राहणार नाही. ‘गीतरामायणा’चेही असेच झाले: 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर ते प्रथम ध्वनिक्षेपित झाले तेव्हा निरनिराळ्या पात्रांसाठी निरनिराळे गायक होते, पण महाराष्ट्राच्या अंतःकरणात ते रुजले ते सुधीर फडके यांनी पुढे कित्येक दशके पेटी पुढे घेऊन, एकट्याने, गावोगाव श्रोत्यांसमोर गायिल्यामुळे. आमच्या मंडईतल्या वयोवृद्ध शाहिरांच्या रात्री अशाच अखंड, गर्दीच्या आवाजासह, मुद्रित करून ठेवल्या जाव्यात असे मला कळकळीने वाटते. कारण शाहीर गेल्यावर वहीतले कवन मागे उरेल, गर्दीने घातलेली भर उरणार नाही.

लंडनच्या त्या मैफलीतील दोन जागा विशेष लक्ष देऊन ऐकाव्यात. पहिली ‘टॉवर ऑफ साँग’ या गाण्यातली. जुन्या कवींच्या मनोऱ्यात आपणही एक बिऱ्हाडकरू आहोत आणि वार्धक्याने आपली हाडे दुखत आहेत, अशा आशयाचे हे गीत गाताना कोहेन स्वतः एका छोट्या कीबोर्डपुढे उभे राहतात आणि मध्यंतरी जवळजवळ एका बोटाने, शाळकरी पोराने वाजवावे तसे, चारसहा स्वर वाजवितात. ज्या मंचावर नील लार्सनसारखा निष्णात ऑर्गनवादक आणि स्पेनचा हाविएर मास हा तंतुवाद्यांचा उस्ताद बसला आहे, तेथे हे चारसहा स्वर ऐकून हजारो लोक मनापासून दाद देतात, आणि गायक तितक्याच गांभीर्याने त्यांचे आभार मानतो. टाळ्यांत उपहास नाही आणि आभारांत संकोच नाही. आपल्या कलेची मर्यादा इतक्या उघडपणे मांडूनही मान राखता येतो, हे मी इतर कोठे इतके स्पष्ट ऐकलेले नाही.

दुसरी जागा ‘इफ इट बी युअर विल’ ही. ही शब्दशः प्रार्थना आहे: तुझी इच्छा असेल तर मी मौन धरीन, तुझी इच्छा असेल तर गाईन, असा तिचा भाव. कोहेन आरंभीच्या ओळी नुसत्या बोलून दाखवितात आणि मग ते गाणे मंचावरच्या साथगायिका वेब भगिनींच्या स्वाधीन करून बाजूला होतात. दोघी बहिणी वीणेसारख्या हार्पच्या आणि गिटारच्या साथीने ते गातात. आपल्या मैफलीच्या शेवटाकडे, आपल्या सर्वांत उत्कट गीताच्या वेळी, गीतकाराने स्वतः न गाण्याचे ठरवावे ही गोष्ट लहान नाही. तेथे मला वॉर्डन रोडवरच्या त्या सकाळी आठवतात: गाणे घडते आहे, आणि गाणारा मीच असला पाहिजे असा आग्रह आता उरलेला नाही.

आवाजाविषयी म्हणाल तर तो खर्जात इतका उतरला आहे की काही ठिकाणी गाणे आणि बोलणे यांतील सीमा पुसट होते. तरुण कोहेनचा ‘सुझान’ हे गीत गातानाचा कोवळा, किंचित अनुनासिक स्वर ज्यांना ठाऊक आहे त्यांना आरंभी चुकल्याचुकल्यासारखे वाटेल. परंतु या खोल आवाजात उच्चार मात्र विलक्षण स्वच्छ आहे. प्रत्येक शब्द पूर्ण ठेवला जातो, आणि ज्यांचे इंग्रजी माझ्यासारखे पुस्तकी आहे त्यांनाही अर्थ धरता येतो.

या दौऱ्यावर एक आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो खरा आहे: कोहेन गावोगाव तीच वाक्ये, तेच विनोद, टोपी काढून वादकापुढे गुडघे टेकण्याची तीच कृती रोज करीत. अनेक वर्षे धर्मग्रंथ आणि तत्त्वज्ञाने अभ्यासली, पण मधूनच आनंदीपणा डोके वर काढीत राहिला, हे त्यांचे लंडनमधले वाक्य इतर शहरांतही ऐकू आले. मला यात खोट दिसत नाही. मंडईतला सोंगाड्याही प्रत्येक गावी तीच बतावणी करतो, आणि ती पाठ असल्यामुळेच त्याचे सगळे लक्ष समोरच्या माणसांवर राहू शकते. शिवाय, साथीदारांची नावे रोज त्याच आदराने, एकेकाच्या गुणाचा उल्लेख करून घेणे ही पुनरुक्ती असेल तर अशा पुनरुक्तीची आपल्या रंगमंचावर वाणच आहे.

पैसा परत मिळविण्यासाठी सुरू झालेला हा दौरा पैसा मिळाल्यावर थांबला नाही. 2010 च्या अखेरपर्यंत अडीचशेच्या आसपास मैफली झाल्या. 2009 च्या सप्टेंबरात स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे ते मंचावरच भोवळ येऊन कोसळले, आणि तीनच दिवसांनी, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, बार्सिलोनात पुन्हा उभे राहिले. त्याच महिन्यात मुंबईत बलसेकर निवर्तले. 2012 मध्ये दुसरा मोठा दौरा निघाला. त्यातील डब्लिनच्या मैफलीचाही अल्बम निघाला आहे, तो अधिक लांब आणि अधिक सफाईदार आहे, पण लंडनच्या रात्री पंधरा वर्षांनी परतलेल्या माणसाला पाहून श्रोत्यांचा जो उमाळा ऐकू येतो तो तेथे नाही. 21 डिसेंबर 2013 रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे त्यांची शेवटची मैफल झाली, आणि 7 नोव्हेंबर 2016 रोजी ते गेले.

ज्या वाचकांनी कोहेन यांचे काहीच ऐकलेले नाही त्यांनी हा अल्बम पहिल्या गाण्यापासून ऐकण्याचा हट्ट धरू नये. प्रथम ‘हू बाय फायर’ ऐकावे. ज्यूंच्या प्रायश्चित्तदिनीच्या प्रार्थनेवर ते बेतलेले आहे, आणि आरंभी हाविएर मासने छेडलेल्या तारा सतार-सरोद ऐकलेल्या कानास परक्या वाटणार नाहीत. मग ‘बूगी स्ट्रीट’, जे मुंबईहून परतल्यानंतरच्या संग्रहातले, शॅरन रॉबिन्सन यांच्यासह रचलेले आणि येथे त्यांनीच गायिलेले, मठातून बाजारात परत आलेल्या माणसाचे गीत आहे. त्यानंतर ‘आय ट्राइड टू लीव्ह यू’, ज्यात एकामागून एक प्रत्येक साथीदारास आपला स्वतंत्र अवसर मिळतो आणि कोहेन बहुतेक वेळ नुसते ऐकत उभे असतात. त्यांचे ते ऐकणे तबकडीवर दिसत नाही. पण लंडनच्या त्याच मैफलीचे चित्रमुद्रणही निघालेले आहे, आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी ते जरूर मिळवावे.