त्रैराशिक येथें चुकतें

शाळेंत घोकलेलें त्रैराशिक मनुष्याच्या मनांत इतकें खोल रुजलेलें असतें कीं, मोटारीचा वेग दुप्पट झाला तर ती थांबण्यास अंतरही दुप्पट लागेल, असें तो सहज धरून चालतो. प्रत्यक्षांत ब्रेक लागल्यावर गाडी जें अंतर तोडते तें चौपट होतें.

गतीमुळें वस्तूंत सांठणारी शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें याचें कारण. हॉलंडांतील स् ग्राव्हेसांडे या शास्त्रज्ञानें अठराव्या शतकांत पितळेचे गोळे उंचावरून मऊ मातींत टाकून पाहिले. दुप्पट वेगानें आदळलेला गोळा चौपट खोल रुतला. मोटारीच्या बाबतींत त्या मातीचें काम टायर आणि रस्ता यांमधील घर्षण करतें. ब्रेक रोखतो तो चाकाला. गाडीला रोखतो तो रस्ता.

आतां हिशेब पाहूं. रस्ता कोरडा, टायर चांगले. ताशीं ५० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदास सुमारें १४ मीटर जाते. संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढें अंतर फुकटच सरतें. पुढें ब्रेकखालीं आणखी १४. एकूण २८ मीटर. ताशीं १०० च्या वेगास पहिला भाग २८ (एवढ्यापुरतें त्रैराशिक खरें!), पण दुसरा ५६; एकूण ८४.

लहानसा फरकही किती महाग पडतो पाहा. दोन मोटारी बरोबरीनें चालल्या आहेत, एक ५० च्या वेगानें, दुसरी ६० च्या. तीस मीटरांच्या किंचित् आंत चेंडूमागें धांवणारें मूल रस्त्यावर येतें. दोघेही चालक सारखेच दक्ष. पहिली गाडी मुलापुढें जेमतेम थांबते. दुसरीचे १७ मीटर त्या एका सेकंदांतच संपलेले असतात; उरलेल्या ११ मीटरांत तिचा वेग पुरता उतरत नाहीं, आणि मुलाजवळ पोंचतांना ती ताशीं जवळजवळ ४० च्या वेगांत असते. दहाच्या फरकाचा चाळिसाचा आघात होतो. या जादा वेगानें किलोमीटरामागें बारा सेकंद वांचतात.

पावसांत, त्यांतून टायर झिजलेले असले, आणि घर्षण निम्म्यावर आलें, तर पहिली गाडीही त्या जागीं ताशीं ३५ च्या वेगानें जाऊन धडकेल. ओल्या रस्त्यावर त्याच २८ मीटरांत थांबावयाचें तर वेग मुळांतच ३९ च्या आंत हवा.