नळीतून जेवण : नुसती पेज पुरत नाही

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, टाके सुकू लागले की घरच्यांना हायसे वाटते. पण जीभ, गाल किंवा जबड्याचा भाग काढलेल्या रुग्णाला काही दिवस, कधी काही आठवडे, तोंडाने खाता येत नाही. नाकातून जठरापर्यंत घातलेल्या राइल्स ट्यूबमधूनच सारे अन्न द्यावे लागते आणि ती जबाबदारी घरच्यांवर येते.

अशा वेळी ‘पचायला हलके’ म्हणून पेज, वरणाचे पाणी, नारळपाणी दिले जाते. त्याने पोट भरते, पण पोषण होत नाही. या काळात दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि २५ ते ३० किलोकॅलरी लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने. पेलाभर पातळ पेजेतून मिळतात जेमतेम एक-दोन ग्रॅम. एका अंड्यातून मात्र सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातून ६ ते ७ ग्रॅम आणि मूठभर डाळीतून ७ ग्रॅमच्या आसपास मिळतात.

‘डाळ-अंड्याने जखमेत पू होतो’ हा समज अनेक घरांत आहे. पू होतो तो जंतुसंसर्गाने. जखम भरायला प्रथिनेच लागतात. शिवाय अनेक रुग्णांना पुढे रेडिएशन घ्यावे लागते. ते शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हावे, असा प्रयत्न असतो. वजन उतरले, जखम भरली नाही, तर पुढचे उपचार रखडतात.

डाळ-तांदळाची मऊ खिचडी, उकडलेले अंडे, दूध, दूध पावडर, थोडे तेल हे मिक्सरमधून बारीक करून गाळून घ्यावे. नळीतून सहज उतरेल इतकेच पातळ करावे. एका वेळी किती, किती तासांनी, हे आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण बदलते.

अन्न देताना रुग्णाला बसवावे किंवा उशा लावून डोक्याकडची बाजू उंच करावी. नंतरही अर्धा ते एक तास आडवे करू नये. अन्न जोर लावून ढकलू नये. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर पाण्याने नळी धुवावी. नाकाशी असलेली नळीवरची खूण सरकलेली दिसली तर काहीही देऊ नये. देताना ठसका लागला, धाप लागली तर लगेच थांबावे आणि रुग्णालय गाठावे. निघालेली नळी घरी पुन्हा घालू नये.

तोंडाने खाणे कधी सुरू करायचे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. तंबाखू आणि मिश्री मात्र कायमची बंद. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. महिन्याभरात ६० किलोचे ५७ झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.