पाठ टाचणाची वही आणि बसलेला घसा

३ जानेवारी आली की वस्त्यावस्त्यांतून सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार पडतात, भाषणे होतात. ते व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच माईंचा वारसा सांगत आमची जी मुले-मुली आज डी.एड., बी.एड.ला जात आहेत, ती पहिल्यांदा खडू हातात घेऊन साठ पोरांपुढे उभी राहतात तेव्हा त्यांचे काय होते, याची विचारपूस आम्ही कधी केली काय?

हा प्रश्न आम्हाला तीन मुलींमुळे पडला. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी, आमच्या वस्तीतील विहाराला लागून एक छोटी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुले तेथे बसतात. यंदा पावसाळा सरता सरता तीन मुली येऊ लागल्या. हातात कार्डशीट, स्केचपेन, डिंकाची बाटली. रात्री साडेदहापर्यंत जमिनीवर बसून तक्ते रंगवायच्या. मुलांनी कुरकुर केली म्हणून आम्ही चौकशीला गेलो. एकीला विचारले तर तिचा आवाजच फुटेना. घसा पार बसलेला. दुसरी म्हणाली, "सर, तिला आज सलग पाच तास दिले. त्यातले तीन ऑफ तास होते."

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात २० आठवडे शाळेत जाऊन काम करणे आले. याला आंतरवासिता म्हणतात. आमच्या वेळी छात्रसेवाकाल म्हणत. उद्देश वाईट नाही. डॉक्टर होणाऱ्याने रुग्णालयात शिकावे, तसे शिक्षक होणाऱ्याने शाळेत शिकावे. पण डॉक्टरकीच्या इंटर्नला विद्यावेतन मिळते. छात्राध्यापकाला काय मिळते? एस.टी.चा पास खिशातून, कार्डशीट खिशातून, आणि शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत फीसाठी कार्यालयातील बाबूची तोंडपाटिलकी.

शाळेत गेल्यावर हा फुकटचा हात सगळ्यांनाच हवा असतो. कोणी रजेवर गेले की त्यांचा तास छात्राध्यापकाला. चाचणीचे पेपर तपासायला छात्राध्यापक. ऑनलाइन माहिती भरायला छात्राध्यापक, कारण 'तुम्हा पोरांना संगणक चांगला येतो'. शिक्षक खोलीत मात्र त्यांना खुर्ची नाही. या तिघी डबा प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून खातात. आणि पहिल्याच दिवशी विचारले गेले, "पूर्ण नाव काय?" नाव सांगितले तरी पुन्हा, "नाही, पूर्ण नाव?" हा प्रश्न कशासाठी असतो हे आमच्या वाचकांना उलगडून सांगायची गरज नाही.

संध्याकाळी घरी येऊन पाठ टाचण काढायचे. हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ, सगळे रकाने भरायचे. विद्यार्थी काय उत्तर देतील तेही आदल्या रात्रीच लिहून ठेवायचे! दुसऱ्या दिवशी पोरे भलतेच उत्तर देतात आणि ताई फळ्यापुढे गोठून जाते. ही गंमत आम्ही स्वतः भोगलेली आहे.

आमचा पहिला पाठ आठवीच्या 'ड' तुकडीवर होता. विषय भूगोल, घटक खडकांचे प्रकार. आम्ही गावाबाहेरच्या खदानीतून दगड गोळा करून नेले होते. पहिली दहा मिनिटे बरी गेली. मग शेवटच्या बाकावरच्या एका मुलाकडे लक्ष गेले. तो फळ्यावरचे उतरवून घेत होता, म्हणजे पेन हलवीत होता. जवळ गेलो तर वहीत नुसत्या वेलांट्या आणि रेघा. आठवीतल्या त्या पोराला वाचता येत नव्हते. आमच्या टाचणात याला रकाना नव्हता. आम्ही पुढे सरकलो, कारण मागे निरीक्षक वही उघडून बसले होते. पाठ संपल्यावर त्यांनी शेरा दिला: फलक लेखन तिरके, आवाजात चढउतार हवा. त्या पोराबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, आम्हीही काही बोललो नाही. त्या रात्री जो थकवा आला तो उभे राहण्याचा नव्हता.

या मुलींचाही थकवा त्याच जातीचा आहे. तासांचे ओझे आहेच. पण समोरचे पोर आपलेच आहे, आपल्याच वस्तीतले आहे, त्याला शिकवायला आपण आलो आणि शिकवायला मिळते ते मागे बसलेल्या निरीक्षकासाठी, हे माणसाला आतून दमवते. त्यातली तिसरी, सर्वांत गप्प बसणारी, तिने आम्हाला सरळ सांगितले, "सर, मला शिकवताच येत नाही. सोडून द्यावं म्हणते." घरात शिकलेली ती पहिलीच. आई भाजी विकते.

मित्रहो, शिकवायला उभे राहणे आमच्या माणसांना कधीच सोपे गेलेले नाही. १९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. परदेशात शिकून आलेला हा विद्वान, पण सुरुवातीला वर्गातील विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मोजले नाही, आणि प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पुढे त्यांचे व्याख्यान ऐकायला दुसऱ्या कॉलेजची मुले येऊन बसू लागली, हा भाग आम्ही अभिमानाने सांगतो. पहिले दिवस मात्र सांगत नाही. सावित्रीमाईंचेही तेच. शेणमाती अंगावर घेत त्या शाळेत गेल्या हे पोराटोरांना ठाऊक आहे. पण त्यांनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, अहमदनगरला आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये, हे किती भाषणांत येते? आणि त्या एकट्या नव्हत्या. जोतीराव पाठीशी होते, फातिमा शेख बरोबर होत्या. आज आमच्या मुलीबरोबर कोण आहे?

जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात ही दुखरी जागा नेमकी दाखवली आहे. प्राथमिक शाळेचा मास्तर प्रशिक्षित असावा, तो शेतकरी-कष्टकरी वर्गातून आलेला असावा, म्हणजे तो मुलांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल. आणि त्याला जगता येईल असा पगार, किमान १२ रुपये, असावा. तिन्ही गोष्टी त्यांनी एका दमात मागितल्या. प्रस्थापितांनी त्यातली प्रशिक्षणाची तेवढी उचलली आणि तिचेही दुकान मांडले. शिक्षणसम्राटांनी डी.एड. कॉलेजे अशी काढली की महाराष्ट्रातील २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्यातूनच न्या. वर्मा आयोग नेमला गेला, ज्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. पगाराचे म्हणाल तर २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पदवी-पदविका पूर्ण केलेला प्राथमिक शिक्षक तीन वर्षे महिना ३,००० रुपयांवर राबला. २०२३ मध्ये ते मानधन १६,००० झाले, तेही कोर्टकचेऱ्या आणि आंदोलनांनंतर. म्हणजे आज पायरीवर डबा खाणाऱ्या मुलीला पुढे टी.ई.टी., मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलची वाट, आणि मग मानधन. ती दमणार नाही तर काय होईल?

सरकारकडे मागायचे ते मागूच. आंतरवासितेला विद्यावेतन हवे, ऑफ तासांवर मर्यादा हवी, शिष्यवृत्ती वेळेवर हवी. पण तोवर या पोरींनी काय करावे?

आमच्या वस्तीत एक निवृत्त बाई आहेत, नगरपालिकेच्या शाळेत हयात गेली. त्यांना आम्ही त्या गप्प मुलीची वही दाखवली. बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "यातलं निम्मं निरीक्षकाला ठेव, निम्मं पोरांना. पोरांचं निम्मं टाचणात नाही लिहायचं." मग तिच्या वर्गातील न वाचणारी चार मुले कोणती, हे विचारले. तिला नावे सांगता आली. बाई म्हणाल्या, "मग तुला येतं शिकवता. बाकीचं सवयीनं येईल." दुसऱ्या आठवड्यापासून ती मधल्या सुट्टीत त्या चौघांना घेऊन बसते, दुकानाच्या पाट्या आणि एस.टी.चे बोर्ड वाचायला लावते. एक पोरगा आता 'परभणी' वाचतो. ती अजून दमतेच. बी.एड. सोडायचे की नाही हेही तिने अजून ठरवलेले नाही, आणि आम्ही तिला भाषण दिलेले नाही.

आम्ही एवढेच केले. स्पर्धा परीक्षेच्या मुलांशी बोलून रविवारी दुपारी २ ते ६ अभ्यासिका छात्राध्यापकांसाठी मोकळी ठेवली आहे. बाई येतात, आणखी दोन निवृत्त गुरुजी येतात. पाठ टाचण बघतात, वर्गात काय बिनसले ते ऐकून घेतात. मुख्याध्यापकांशी ऑफ तासांबद्दल बोलायला एका गुरुजींनी जायचे ठरले आहे; एकटी मुलगी गेली तर तिचेच गुण कापले जातील. पहिल्या रविवारी तिघी होत्या, मागच्या रविवारी अकरा जण होते, त्यात दोघे शेजारच्या तालुक्यातून आले होते. ज्या गावात विहार आहे आणि एखादा निवृत्त गुरुजी आहे, तेथे हे करायला परवानगी लागत नाही. कार्डशीट ज्याची त्याने आणावी. डिंक आणि पट्टी विहारात ठेवलेली आहे.