चारकोप ते आगाशी : सायकलवरचा पहिला मुक्काम

सायकलने दूर जाणे मुंबईला नवे नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैल तुडवून मार्च १९२८ मध्ये परतले. आज मात्र चारकोपमधील एखाद्या घरात मुलाने वा मुलीने ‘सायकलने जाऊन एक रात्र बाहेर राहतो’ असे म्हटले, की वडील खर्चाचे विचारतात आणि आईच्या डोळ्यांपुढे महामार्गावरचे ट्रक उभे राहतात.

खर्चाचे उत्तर व्यापाऱ्याला सांगावयास नको. नवा माल प्रथम थोडाच मागवावा. महागडी सायकल, तंबू आणि स्लीपिंग बॅग एकदम घेतली, तर बहुधा ती वर्षभर गॅलरीत पडून राहते. ब्रेक आणि टायर ठीक असतील तर घरातली गिअरची सायकल पुरते. नवे घ्यावयाचे ते मजबूत कॅरिअर, त्याच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या पिशव्या, हवेचा पंप, जादा ट्यूब आणि पंक्चरचे साहित्य. पाठीवर ओझे घेऊ नये. कंबर धरते आणि तोलही जातो. टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेले असता पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीटची उंची असावी. गुडघेदुखीच्या पुष्कळ तक्रारी केवळ सीट खाली ठेवल्याने उद्भवतात. पंक्चर काढण्याचा सराव घरच्या दिवाणखान्यातच करावा.

हे सारे सामान लादून एका रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीचा चढ चढून पाहावा. ओझे किती जास्त झाले, ते तिथे कळते.

आईची चिंता मात्र रास्त आहे. घोडबंदरची वर्सोवा खाडी ओलांडून जाणारा अहमदाबाद महामार्ग नवख्यासाठी नव्हेच. सुदैवाने चारकोपकरांना जलमार्ग जवळ आहे. बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीने गोराई गाठावी, तेथून उत्तनमार्गे भाईंदर. उत्तनकडे रस्ता अरुंद आहे व थोडा चढही लागतो. तेथे सायकल हाती धरून चालण्यात कमीपणा नाही. भाईंदरहून वसईला २०२४ पासून रो-रो बोट सुरू झाली आहे. ती वसई किल्ल्याजवळ उतरवते. पुढे गिरिज, निर्मळ या वाड्यांच्या परिसरातून आगाशीस पोहोचावे. सारे अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. बोटींचा वेळ धरून एका दिवसाचे काम.

आगाशीस श्री मुनिसुव्रतस्वामींचे तीर्थ आहे. पहिली रात्र तंबूत काढण्याचा हट्ट नसावा. धर्मशाळेत आधी विचारून उतरावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यास चारलाच मुक्कामी पोहोचणे भाग असते, आणि अंधारात सायकल न चालवण्याचा नियमही त्यातच पाळला जातो. खाकरा, भाजलेले मूग आणि घरून उकळून नेलेले पाणी एवढे वाटेस पुरे. कार्तिक पौर्णिमेनंतर साधुसाध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. पाऊस सरल्याने सायकलस्वारांसाठीही तोच काळ उत्तम.

तंबूची हौस दुसऱ्या खेपेस. तत्पूर्वी सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवर तो एकदा उभारून, त्यात एक रात्र झोपून पाहावे. जवळच्या अर्नाळ्यासारख्या किनाऱ्यावर स्थानिकांना विचारल्यावाचून तंबू टाकू नये, आणि भरतीची रेषा ओलांडून बराच वर टाकावा. वाळूत खुंट्या धरत नाहीत. वाळू भरलेल्या पिशव्या पुरून त्यांना दोऱ्या बांधतात. परतल्यावर साखळी पुसून तेल द्यावे, खारा वारा लोखंडाला फार लवकर खातो.

बोटींच्या वेळा ऋतुमानाने बदलतात. परतीची शेवटची बोट किती वाजता सुटते, हे निघण्यापूर्वीच विचारून वहीत लिहून ठेवावे.