संक्रांतीचे शुभेच्छापत्र : एक लेखनपाठ

प्राथमिक शाळेत पत्रलेखन शिकविले जाते ते बहुधा कल्पित मित्रास किंवा कल्पित काकांस. असे पत्र वहीतच राहते. ते कोणी उघडीत नाही, त्याचे उत्तरही येत नाही. म्हणून मुलाच्या मनात पत्र हा एक परीक्षेतील प्रश्न होऊन बसतो. सणाचे शुभेच्छापत्र ही उणीव सहज भरून काढते. कारण त्याला खरा वाचक असतो आणि ठरलेला दिवस असतो.

परभणी जिल्ह्यात या पाठाला आणखी एक कारण आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर अशा तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. संक्रांत नेमकी हंगामाच्या मध्यावर येते. तेव्हा कित्येक मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असतात व आईवडील दूर कारखान्याच्या परिसरात असतात. अशा मुलाच्या हातून निघालेले कार्ड हा केवळ भाषेचा स्वाध्याय राहत नाही.

प्रथेचा इतिहास

छापील शुभेच्छापत्राची चाल इंग्लंडात रुजली. तेथे १८४० मध्ये एक पेनीत पत्र पोहोचविण्याची व्यवस्था झाली आणि १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी नाताळाचे पहिले छापील कार्ड काढविले. पोस्टकार्ड १८६९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. भारतात ते १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. तेव्हा त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा होती. परभणी त्या काळी निजामाच्या राज्यात होते व त्या राज्याचे टपालखाते व तिकिटे वेगळी होती. ते खाते १९५० साली भारतीय टपालखात्यात विलीन झाले.

मराठी घरांनी ही चाल आपल्या सणांना जोडून घेतली. दसऱ्याला पाकिटातून आपट्याचे पान जाऊ लागले. संक्रांतीला चार दाणे तीळ किंवा हलवा जाऊ लागला. मुसलमान घरांतून ईदकार्डे जात. जो हातात हात देऊन भेटू शकत नाही, त्याच्याकडे सणाचा वाटा पोहोचविणे, हा या सर्वांमागील एकच हेतू होय.

मजकूर कसा असावा

बाजारातील कार्डावर शुभेच्छा छापलेली असते. मुलाने खाली केवळ नाव घालावयाचे असते. त्यात लेखन होत नाही. भ्रमणध्वनीवरून पुढे धाडलेल्या तयार चित्राचेही तसेच आहे. ते क्षणात पोहोचते, पण शंभर जणांना तेच जाते. शाळेतील कार्डासाठी एक साधा नियम पुरेसा आहे: निदान एक वाक्य असे असावे की, ते दुसऱ्या कोणास लिहिताच येणार नाही.

“संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा” हे वाक्य कोणीही कोणासही लिहील. “शेळीला दोन करडे झाली. आजीने तिळगूळ केला, तुमचा वाटा डब्यात ठेवला आहे,” हे मात्र एकाच घरातून एकाच आईबापाला जाऊ शकते. शुद्धलेखनाच्या चुका शिक्षकांनी दाखवून द्याव्यात, पण वाक्य मुलाचेच राहू द्यावे. सर्व कार्डांवर फळ्यावरील एकच मजकूर उतरला, तर पाठाचा हेतूच नाहीसा होतो.

मायना नात्याप्रमाणे असावा. आईवडिलांस ‘तीर्थरूप’ व ‘साष्टांग नमस्कार’, धाकट्यास ‘चिरंजीव’ व ‘अनेक आशीर्वाद’, मित्रास ‘प्रिय’ हे भेद मुलांना या निमित्ताने सहज समजतात. ज्या घरात सलाम किंवा जयभीम म्हणण्याची रीत आहे, तेथील मुलाने तसेच लिहावे.

काही पालकांना वाचता येत नाही. त्यांचे कार्ड टोळीतील दुसरे कोणी वाचून दाखवील. म्हणून अक्षर मोठे व वाक्ये लहान असावीत आणि एका बाजूस मुलाने स्वतः काढलेले चित्र असावे. ते वाचून दाखवावे लागत नाही. पोस्टकार्ड उघडे असते, हेही मुलांना सांगावे. उचल, देणे, आजारपण अशा घरगुती गोष्टी त्यावर लिहू नयेत.

पत्ता व टपाल

पोस्टकार्डाच्या उजव्या भागात पत्ता व डावीकडे मजकूर लिहितात. त्याची किंमत ५० पैसे आहे. तिळाचे दाणे घालावयाचे असल्यास पाकीट घ्यावे; २० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटास ५ रुपये लागतात. हलव्याचे टणक दाणे शिक्का मारताना पाकीट फाडतात, म्हणून तीळच बरे.

पत्त्यातील सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची योजना टपालखात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. पहिले तीन अंक टपालाची वाटणी करणारा जिल्हा दाखवितात, शेवटचे तीन अंक पत्र वाटणारे टपालघर. परभणीचा पिनकोड ४३१४०१ आहे. आपल्या गावाचा कोणता, हे प्रत्येक मुलास पाठ असावे.

ऊसतोडीच्या टोळीचा मुक्काम बदलत असतो. त्यामुळे पालक निघण्यापूर्वीच मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव, गाव, तालुका, जिल्हा व पिनकोड शाळेच्या वहीत उतरून घ्यावा. पत्त्यात पालकाच्या नावाखाली ‘द्वारा’ लिहून मुकादमाचे नाव द्यावे. आठ-दहा दिवस आधी कार्ड पेटीत पडावे. उशीर झाला तरी संकोच नको. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देण्याची रीत आहेच.

वर्गातून गेलेली मुले

काही मुले आईवडिलांबरोबरच उसाच्या फडावर जातात. हजेरीपटावर त्यांचे नाव राहते, जागा रिकामी दिसते आणि कित्येकदा ते मूल हंगामानंतरही शाळेत परतत नाही. अशा मुलास वर्गातील सर्वांनी मिळून एक कार्ड धाडावे. त्यात उपदेश नसावा. कोणती कविता झाली, खेळात त्याच्या जागी कोण उतरते, त्याची बसण्याची जागा कोणती राखून ठेवली आहे, एवढे लिहावे. शाळा आपली वाट पाहते हे ज्या मुलाला ठाऊक असते, त्याला परत येणे सोपे जाते. पन्नास पैशांच्या कार्डाने स्थलांतर थांबणार नाही. परंतु ‘तू आमच्यातला आहेस’ हा निरोप त्या मुलाच्या हाती पडेल, आणि तो धाडणे प्रत्येक शाळेच्या आवाक्यातील आहे.